फक्त लाईटपुरते

नवनीतरावांचा फोन आला तेव्हा मी एका लग्नपत्रिकेतला गणपती मधोमध आणत होतो. नवनीतराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, मोहिनीचे यजमान. रनाळ्याला शेती करतात आणि फोनवर मोजकं बोलतात. आज मात्र थांबत थांबत बरंच बोलले. "दादा, परवा तिले जाईसन वरीस व्हई. पूजामा ठेवाले फोटो पाहिजे व्हता. फ्रेम मी लई ठेयेल शे." मी म्हटलं, लग्नातला एखादा? "लगनमा पार्लरवालीनी तिले पार बदली टाकेल व्हतं. ती ती वाटतच नई. आनि जुना मोबाइल बिघडी गया, नवामा शेतस त्या बठ्ठा दवाखानाना. तोंड सुजेल. दामिनी त्या देखीसन तोंड फिराई लेस. तिले साधा फोटो दखाडना शे, तुन्ही माय अशी व्हती म्हनीसन." मग म्हणाले, "ती सांगे, दादाकडे मन्हा मोक्कार फोटो शेतस." मी एका दमात म्हणालो, "शेतस ना! ढीगभर शेतस. चार वाजाले या तुम्ही, छापी ठेवस." फोन अजून खांदा आणि कानाच्या मध्ये होता आणि बोटं निघालीसुद्धा होती. संगणकात माझं चालणं असंच. माउसला मी हात लावत नाही. ऑल्ट धरून वरचा बाण दाबला की एक फोल्डर वर, आणखी एकदा दाबला की आणखी वर, मग हव्या त्या नावाचं पहिलं अक्षर दाबायचं की निवड थेट तिथे जाऊन बसते. गिऱ्हाईक खुर्ची ओढेपर्यंत त्याची फाइल समोर. माउसनं एकेक दार उघडत जाणारी माणसं पाहिली की मला हसू येतं, निदान आजपर्यंत यायचं. मी 'ल' दाबला. निवड 'लग्नपत्रिका'वर जाऊन थांबली. पुन्हा 'ल' दाबला. आता ती 'लाईट'वर जायला हवी होती. ती 'लग्नपत्रिका'वरच राहिली. मी तिसऱ्यांदा दाबला. नवनीतराव तिकडून "ठेवस दादा" म्हणाले, फोन बंद झाला, आणि मी 'ल' दाबतच राहिलो.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मला त्याच क्षणी आठवलं असतं, पण मी आठवू दिलं नाही. मी स्वतःला सांगितलं, कुठेतरी हलवला असेल. साफसफाईत दुसऱ्या ड्राइव्हवर गेला असेल, जाऊन जाऊन जातो कुठे. गिऱ्हाइकांना मी नेहमी हेच ऐकवतो. पेन ड्राइव्ह घेऊन रडवेल्या तोंडानं आलेल्या मास्तरांना, तलाठ्यांना ऐकवतो, साहेब, काखेत कळसा आणि गावाला वळसा, इथेच असेल बघा. आणि बहुतेक वेळा इथेच असतं. बाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत पडली होती, तिचा नाकात झोंबणारा खाट शटरच्या फटीतून आत येत होता. नंदुरबारात या दिवसांत डोळ्यांत पाणी आलं तर कोणी विचारत नाही, ही एक सोय आहे.

त्या फोटोंबद्दल सांगायला हवं. दुकान काढलं ते दोन हजार चौदा साली, दहा बाय बाराचं. एका बाजूला संगणक आणि प्रिंटर, दुसऱ्या बाजूला निळा पडदा, एक स्टूल, पांढऱ्या छत्र्यांचे दोन दिवे. मोहिनीचं बी.ए. झालेलं होतं आणि घरात तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं, तोवर बसून काय करणार म्हणून ती माझ्यासोबत यायला लागली. सकाळी आमच्या गावाहून, कोरीटहून, गाडीवर आम्ही दोघं, तिच्या मांडीवर दोघांचा डबा. दुकान उघडलं की पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत लाईट लावून बघावा लागतो. नाकाखाली सावली पडते का, कानामागे पडद्यावर डाग दिसतो का. त्यासाठी स्टुलावर कोणीतरी माणूस लागतं. मोहिनी बसायची. मी म्हणायचो, हनुवटी वर. जरा डावीकडे. झालं, ऊठ. चार वर्षं, रविवार सोडून रोज, दोन-तीन फोटो. मी कधी तिचा चेहरा पाहिला नाही. मी नाकाखालची सावली पाहत होतो. ते फोटो कशाचेच नव्हते, फक्त लाईटपुरते, आणि माझ्या हिशेबानं त्याच दिवशी संध्याकाळी उडवायचे. ती उडवायची नाही. तिनं 'लाईट' नावाचा फोल्डर केला आणि त्यात ते टाकत गेली. मी चिडवायचो, "राणीसायबना रोजना फोटो!" ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे ना, काय खाई ऱ्हायनात त्या?"

पुसणं हे तिला जमायचंच नाही. फोल्डरांची सगळी मांडणी तिची होती, आणि त्यावरून आमची रोज खडाजंगी. माझं म्हणणं, तारखेनं लाव, कामानं लाव: पासपोर्ट फोटो, पत्रिका, अर्ज, साल, महिना. झटपट सापडतं. तिनं लावलं माणसांनी. आधी गाव, गावात पाडा, पाड्यात माणूस, माणसाच्या फोल्डरमध्ये त्याचं सगळं, फोटो, अर्ज, दाखला, जे काही असेल ते. आणि त्यातून ती चालायची माउसनं, सावकाश, एकेक फोल्डर उघडून, आत काय काय आहे ते बघत बघत. एखाद्याच्या घरी गेल्यावर आधी ओट्यावर बसावं, पाणी घ्यावं, मग आत जावं, तशी. मला पाहवायचं नाही. "आठ वेळा टिचकी मारस तू," मी म्हणायचो, "मी तीन बटनंमा पोचस." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "दादा, तू पयत पयत जास. तुले रस्तामा काय दिखस?" मी म्हणायचो, रस्त्यात बघायचंय काय? पोचायचं.

एकदा मोलगीच्या वरच्या कुठल्याशा पाड्यावरची रूपलीबाई आली. सोबत कोणी नव्हतं. जीप, मग बस, मग पायी आमचं दुकान शोधत आलेली. तिची बोली मला धड समजत नव्हती, मला वाटलं हिलाच फोटो काढायचा आहे, म्हणून मी लाईट लावले. ती स्टुलाकडे बघेना, संगणकाकडे बोट दाखवत राहिली. मोहिनीनं तिला जवळ बसवून थोडं हातवाऱ्यांनी, थोडं शब्दांनी काढून घेतलं. तिचा नवरा दिवाल्या वारला होता, आणि तीन वर्षांपूर्वी रेशनच्या अर्जासाठी त्यानं याच स्टुलावर फोटो काढला होता. जन्मात तेवढा एकच. मी मनात म्हटलं, तीन वर्षांपूर्वीचा म्हणजे मी केव्हाच उडवला असता. मोहिनीनं तिला तारीख विचारली नाही. गाव विचारलं, पाडा विचारला, आणि टिचक्या मारत चालू लागली. चार मिनिटांत दिवाल्या समोर. शर्टाचं वरचं बटण लावलेला, घाबरलेला. रूपलीबाईनं तळहात पडद्यावर टेकवला आणि तो तिथेच ठेवला. मी पडदा पुसायचं फडकं हातात घेऊन उभा होतो, ते मी मागे लपवलं. ती गेल्यावर मोहिनी मला काही चिडवून बोलली नाही. एवढंच म्हणाली, "कोनले कव्हय काय लागी, सांगता येस का?"

आज मी तिच्या चालीनं चाललो. पहिल्यांदाच. माउस ड्रॉवरमध्ये होता तो काढला, झटकला, आणि एकेक फोल्डर उघडत गेलो. पत्रिका टाकून आत शिरलो ते गावंच्या गावं. कोरीट, त्यात आमचं घर, त्यात बाबांचा सातबारा, आईचं, म्हणजे कमलबाईचं, मोतीबिंदूचं कार्ड. आईच्या फोल्डरमध्ये भाजणीचं प्रमाण टाइप करून ठेवलेलं. हे मला माहीत नव्हतं. माझ्या नावाचा फोल्डर होता, 'भूपेशदादा', आणि त्यात माझा फोटो, मी स्वतःच कॅमेऱ्याच्या मागे वाकलेलो, एक डोळा मिटलेला. म्हणजे तिनं कधीतरी मोबाइलवर टिपला असणार. मला वाटलं, असाच कुठेतरी तिचाही असेल. 'मोहिनी' नावाचा फोल्डर मी शोधला. नव्हता. सगळ्या गावांत, सगळ्या पाड्यांत सगळ्यांना घर बांधून दिलं आणि स्वतःचं नाव कुठेच घातलं नाही. आमच्याच घराच्या आत, आईच्या आणि माझ्या फोल्डरच्या खाली, 'आखाजी' नावाचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, एक होता. उघडला तर आत साल घातलेले फोल्डर ओळीनं: दोन हजार अठरा, एकोणीस, वीस, एकवीस. मी खाली सरकत गेलो. ते संपेनात. दोन हजार पस्तीसपर्यंत होते. तयार केल्याची तारीख बघितली. सगळे एकाच दिवशी केलेले, लग्नाच्या आधी, दुकानातल्या तिच्या शेवटच्या आठवड्यात. सासरी गेल्यावर दर आखाजीला माहेरी येणार, त्या त्या वर्षीचे फोटो कुठे ठेवायचे याची तिनं आधीच सोय करून ठेवली होती. अठरामध्ये फोटो होते. एकोणीसमध्ये होते, निंबाला बांधलेला झोका, झोक्यावर शेजारच्या पोरी, आई, सांजोऱ्यांची परात. तिचा एकही नव्हता, कारण फोटो तीच काढत होती. वीस रिकामा, एकवीस रिकामा, तेव्हा कोणीच कुठे जात नव्हतं. मग बावीस. मी बावीसवर टिचकी मारली. पडद्याच्या मधोमध ती फिकट अक्षरं आली, हा फोल्डर रिकामा आहे. आणि मग मला आठवू न देणं जमलं नाही.

आमच्याकडे आखाजीला भाऊ घ्यायला आल्याशिवाय पोर सासरहून निघत नाही. पायीच्या दिवसांत भाऊ बैलगाडी जुंपून जायचा, आता गाडीला किक मारून जातो, पण जातो. आपली आपण बसनं उतरली तर गाव विचारतं, भांडून आली का, का भाऊ राहिला नाही. बावीसच्या आखाजीच्या आदल्या दुपारी तिचा फोन आला. "दादा, कव्हय येस लेवाले? पिशवी भरी ठेयेल शे. दामिनीले नवं झबलं लयेल शे." दामिनी तेव्हा दीड वर्षाची. दोन वर्षं बंदच गेलेली, त्यामुळे त्या मे महिन्यात लग्नं अशी उसळली होती की मला जेवायला फुरसत नव्हती, आणि नेमका संगणक भरला होता. डिस्कमध्ये जागा नाही, फाइल सेव्ह होत नाही, बाहेर चार वऱ्हाडांची माणसं उभी. मी म्हणालो, "मोहिनी, कॉम्प्युटर पार भरी गया, चालीच नई ऱ्हायना. उद्या पत्रिका देवान्या शेतस. यंदा तू बसमा येई जाय ना. अर्धा तासनं तं शे." रनाळं इथून गाडीवर अर्ध्या तासाचं. ती म्हणाली, "बसमा?" मी ते ऐकलं आणि ऐकलं नाही, कारण माझी बोटं फोल्डरांवरून पळत होती, कुठला मोठा आहे, काय उडवता येईल. 'ल'. 'लाईट'. अठरा जीबी. मला माहीत होतं ते काय आहे. तरी मी विचारलं, "हाई लाईटनं फोल्डर गिऱ्हाइकनं शे का?" ती म्हणाली, "नई. गिऱ्हाइकनं नई. मन्हंच शे ते." मी विचारलं, "लागस का?" ती म्हणाली, "नई. काढी टाक." शिफ्ट आणि डिलीट. त्यानं काढलेलं कचऱ्याच्या टोपलीतसुद्धा जात नाही, सरळ जातं. संगणकानं विचारलं, कायमचं काढायचं का? मी एंटर दाबलं. हिरवी पट्टी भरत गेली, ती भरेपर्यंत फोन चालू होता. मग मी म्हणालो, "चाल ठेवस, मानसं उभा शेतस." जागा झाली. पत्रिका सेव्ह झाली. ती पत्रिका कोणाची होती ते आज मला आठवत नाही.

ती बसनं आली नाही. येणारच नव्हती. आईनं झोका बांधला होता, दिवसभर ओट्यावर बसून होती, संध्याकाळी मला म्हणाली, "उनी नई का?" मी म्हटलं, तिच्या घरी काम निघालं. हे खोटं मी इतक्या सहज बोललो की मलाच ते खरं वाटायला लागलं. पुढच्या आखाजीला ती सुरतच्या दवाखान्यात होती, त्याच्या पुढच्या आखाजीला तिच्याच्यानं गाडीवर बसवत नव्हतं, आणि मागच्या पौषात ती गेली. मी गेलो होतो ना तेव्हा रनाळ्याला. दर आठवड्याला गेलो, औषधं नेली, रक्त दिलं, खांदा दिला. सगळं केलं. फक्त घ्यायला गेलो नाही. हे मी कोणाजवळ बोललेलो नाही, माझ्या बायकोजवळ, रोहिणीजवळही नाही, आणि तिच्यापासून लपवण्यासारखं त्यात काय आहे ते मला सांगता यायचं नाही.

बारा वाजता मी दुकान आतून लावून घेतलं आणि पुसलेल्या फाइली परत काढायचा प्रोग्राम चालू केला. हे काम मी लोकांसाठी करतो आणि करताना त्यांना बजावतो की लगेच आणलं तर मिळेल. वरून नवीन काही लिहिलं गेलं असेल तर नाही. लोक मान हलवतात. त्या डिस्कवर साडेतीन वर्षांच्या पत्रिका, बॅनर, दाखले, उत्तरकार्याची कार्डं लिहिली गेली होती. उत्तरकार्याच्या कार्डांत तिचंही एक, बिनफोटोचं. रोहिणीचा फोन आला, जेवायला येताय ना. मी काम आहे म्हणालो. दोन तास प्रोग्राम चालला. सदतीस नावं निघाली, त्यांतली सात उघडली. सातही फोटोंमध्ये वरून एक पट्टी शाबूत होती आणि खाली सगळा करडा रंग. कुठे नुसता निळा पडदा. कुठे पडदा आणि केसांचा वरचा भाग. एकात सगळ्यांत जास्त होतं: पडदा, केस, भांग, कपाळ, आणि अर्धी टिकली. भुवया यायच्या आत फोटो संपला होता. मी तो मोठा केला, लहान केला. पेज डाउन दाबलं, जणू खाली आणखी काही असेल. हनुवटी वर, मी म्हणायचो. ती आणखी जरा वर केली असती तर डोळे आले असते, असं वेड्यासारखं माझ्या मनात आलं, आणि मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, पण रडलो.

चार वाजता नवनीतराव आले. वेळेचे पक्के. खांद्याला पिशवी, पिशवीत फ्रेम, काचेला ओरखडा पडू नये म्हणून घरच्या टॉवेलात गुंडाळलेली. मी त्यांना पाणी दिलं. बसायला दुसरं काही रिकामं नव्हतं, खुर्चीवर कागदाचे गठ्ठे होते, म्हणून ते स्टुलावर बसले. मी ठरवलं होतं की डिस्क खराब झाली म्हणून सांगायचं. माणसं या बाबतीत यंत्राला चटकन माफ करतात. पण ते त्या स्टुलावर बसले आणि माझ्यानं ते बोलवलं नाही. मी म्हणालो, "नवनीतराव, फोटो नई शेतस. मीच काढी टाकात. आखाजीनी आदल्या दिवशी. जागा पाहिजे व्हती." त्यांना राग यावा असं मला फार वाटत होतं. ते म्हणाले, "एक बी नई?" मी संगणक त्यांच्याकडे वळवला.

ते उठून जवळ आले. डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी बोट पुढे केलं, काचेला न लावता, केसांवरून फिरवल्यासारखं. "भांग तिनाच शे," ते म्हणाले, "असाच वाकडा पडे. कितीबी सरळ करे तरी." मी म्हणालो, एवढंच आहे. ते म्हणाले, "छापा." मी सवयीनं करडा भाग कापायला घेतला. कापल्यावर चार बोटांची पट्टी राहत होती. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "कापू नका, दादा. फ्रेममा बसनार नई." म्हणून मी ते सगळं तसंच छापलं. वर निळा पडदा, भांग, कपाळ, अर्धी टिकली, आणि खाली ओंजळभर, ताटभर करडा. कागद सुकेपर्यंत आम्ही दोघं उभे होतो. फ्रेमच्या मागचे खिळे त्यांनीच वाकवले. मी विचारलं, "दामिनीले काय सांगशात?" ते म्हणाले, "सांगसू, मामानी एवढी ठेयेल शे." त्यात टोमणा नव्हता. तेच मला सहन होईना, म्हणून मी, ज्याची लाज वाटावी असं वाक्य बोललो. मी म्हणालो, "तिलेच इचारं व्हतं मी. तीच काढी टाक म्हनी."

"माले मालूम शे," नवनीतराव म्हणाले. ते फ्रेम टॉवेलात गुंडाळत होते. "दवाखानामा मी फोटो काढाले जाऊ, तं ती मना करे. म्हने, हाऊ सुजेल तोंडना कसाले काढस, दादाकडे शेतस ना. मी सांगं, तूच तं सांगं व्हतं त्याले काढी टाक म्हनीसन." त्यांनी टॉवेलची टोकं नीट आत खोचली. "तं म्हने, मी सांगं व्हतं. पन तो काढनार नई. मन्हा भाऊ शे तो."

त्यांनी पिशवी खांद्याला लावली, फ्रेम छातीशी येईल अशी पुढे घेतली आणि "परवा लवकर या, मायले बी आना" म्हणून पायरी उतरले. गाडी दोन किकमध्ये चालू झाली. मी आत येऊन स्टुलावरचे दिवे बंद केले, मग पुन्हा लावले, आणि घड्याळाकडे बघत बसलो. साडेचारला निघाले होते. अर्ध्या तासाचं तर आहे, पाचला ते रनाळ्यात पोहोचले असतील.